मातीला न पोचलेले : परोक्ष आघाताच्या अभ्यासाची प्रस्तावना

मनावरच्या आघाताचा अभ्यास करणारे लोक आघात जिथे झाला तिथे जातात. साहजिकच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला तेव्हाही तसंच झालं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन आटोपून गावं झोपली होती. चारच्या सुमाराला भूकंप झाला, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, ५२ गावं जमीनदोस्त झाली. पुढे वाचलेल्यांच्या मनःस्थितीची पाहणी झाली. तिचा अहवाल १९९६ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअट्री’त छापून आला आणि आपत्तीनंतरच्या मानसिक आरोग्यावर आपल्याकडे जे थोडंफार लिहिलं जातं, त्यात तो आजही आधाराला घेतला जातो.

त्या पहाटे लातूर-उस्मानाबादची पुष्कळ माणसं गावात नव्हती. पोटापाण्यासाठी ती मुंबईत होती, पुण्यात होती, सोलापुरात होती. बातमी त्यांना रेडिओवरून कळली, नाहीतर कुणीतरी खोलीचं दार ठोठावून सांगितली. मिळेल त्या गाडीने ती निघाली. पाहणीच्या चौकटीत मात्र ती बसली नाहीत. त्यांना मृतांत धरता येत नव्हतं आणि वाचलेल्यांतही धरता येत नव्हतं, कारण वाचायला आधी तिथे असावं लागतं.

पुढची पानं या माणसांविषयी आहेत. मानसशास्त्राचे, समाजकार्याचे विद्यार्थी, कारखान्यांतले कामगार कल्याण अधिकारी, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आणि आशाताई यांच्यासाठी ती लिहिली आहेत. विषय नवा वाटला तरी त्यातली माणसं तुमच्या ओळखीची आहेत. बहुतेक वाचकांच्या घरात त्यांपैकी एखादा असेलच.

ही प्रस्तावना सिल्वासात बसून लिहावी, यालाही कारण आहे. सिल्वासा ज्या प्रदेशात आहे, त्या दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत २,२०,४९० होती, ती २०११ मध्ये ३,४३,७०९ झाली. याच २०११ च्या जनगणनेत इथे दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या ७७४. हे दोन आकडे शेजारी ठेवले की या प्रदेशाची घडण कळते. करसवलतींमुळे कारखाने आले. आमली, मसाट, पिपरिया, राखोली, नरोली, दादरा अशा ठिकाणी पॉलिएस्टर धाग्याच्या आणि प्लास्टिकच्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांच्या मागोमाग उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आणि आपल्या खानदेश-मराठवाड्यातून पुरुष आले. चाळीच्या एका खोलीत चार-पाच जण राहतात. घर दुसरीकडे असतं. म्हणजे इथल्या हजारो माणसांच्या आयुष्यातली मोठी दुःखं सिल्वासात घडतच नाहीत. ती नंदुरबारला घडतात, गंजामला घडतात, आझमगडला घडतात, आणि इथे फोनवर येतात.

मूळ रहिवाशांचंही थोडंफार असंच आहे. वारली, कोकणा, धोडिया कुटुंबांतली माणसं हंगामात वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात. मधुबन धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना गावापासून तुटणं काय असतं हे परप्रांतीयांकडून शिकायची गरज नाही. पण त्यांच्याविषयी लिहायचं तर स्वतंत्र पुस्तक लागेल; इथे ओझरता उल्लेख करून थांबते.

आता थोडं शास्त्राकडे. ‘परोक्ष आघात’ ही कल्पना स्थलांतरितांसाठी जन्मलेली नाही. १९९० मध्ये लिसा मॅकॅन आणि लॉरी ॲन पर्लमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी ती मांडली, तीही उपचार करणाऱ्यांविषयी. अत्याचारग्रस्तांच्या कहाण्या वर्षानुवर्षं ऐकणाऱ्या समुपदेशकाचा जगावरचा, माणसांवरचा, स्वतःच्या सुरक्षिततेवरचा विश्वास हळूहळू झिजतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. पाच वर्षांनी चार्ल्स फिगली यांनी ‘करुणेचा थकवा’ हा विषय चर्चेत आणला. परिचारिका, अग्निशामक दलाचे जवान, रुग्णवाहिकेचे चालक अशी मंडळी त्यात आली. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. दुसऱ्याचं दुःख त्यांच्यापर्यंत कामाच्या निमित्ताने येतं आणि पाळी संपली की निदान कागदोपत्री तरी ते काम संपतं. स्थलांतरिताला अशी पाळी नसते. त्याच्याकडे येणारं दुःख त्याच्याच घरातलं असतं.

निदानशास्त्राने या बाबतीत एक रेघ ओढून ठेवली आहे, ती नीट समजून घ्यायला हवी. आघातोत्तर तणावविकार हे निदान अमेरिकी मनोविकार संघटनेच्या पुस्तिकेत १९८० साली आलं. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत आघाताच्या संपर्काचे चार मार्ग सांगितले आहेत. आपल्यावर प्रसंग ओढवणं. तो समोर घडताना पाहणं. जवळच्या नातलगावर वा मित्रावर ओढवल्याचं कळणं. आणि कामाचा भाग म्हणून त्याचे भीषण तपशील पुन्हापुन्हा हाताळावे लागणं. तिसऱ्या मार्गाला एक अट आहे. मृत्यूची वार्ता असेल तर तो मृत्यू हिंसक किंवा अपघाती असावा लागतो. चौथ्यालाही अट आहे. दूरचित्रवाणी किंवा इतर पडद्यांवर पाहिलेलं धरायचं नाही, ते पाहणं नोकरीचा भाग असेल तर गोष्ट वेगळी.

ही रेघ ओढणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. बातम्या पाहून हळहळलेल्या प्रत्येकाला रुग्ण ठरवलं तर निदानाला अर्थ उरत नाही. तरीही पडद्याचा प्रश्न इतक्या सहज मिटत नाही. एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बाँबस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात जे लोक रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ त्या घटनेचं वार्तांकन पाहत होते, त्यांच्यात तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही अधिक आढळली. आणि हे होते त्या शहराशी, त्या माणसांशी रक्ताचं नातं नसलेलेही लोक.

नातं असलेल्यांचं काय होतं, हे पाहायचं तर जगात सर्वांत ठळक उदाहरण हैतीचं. १२ जानेवारी २०१० रोजी दुपारी ४ वाजून ५३ मिनिटांनी लेओगानजवळ ७ रिश्टरचा भूकंप झाला आणि राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा मोठा भाग कोसळला. मृतांचा आकडा कुणी एक लाख सांगतं, कुणी तीन लाखांवर; मोजदादीवरून आजही वाद आहे. त्या वेळी मायामीच्या ‘लिटल हैती’त, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनमध्ये, कॅनडातल्या माँट्रियलमध्ये लाखो हैतियन माणसं राहत होती. टीव्हीवर दृश्यं चालू होती आणि फोन लागत नव्हते. अमेरिकेने काही दिवसांतच तिथे आधीपासून असलेल्या हैतियनांना तात्पुरतं संरक्षण जाहीर केलं. पण ज्याच्याकडे पक्की कागदपत्रं नाहीत, त्याने देश सोडून घरी जावं कसं आणि परत यावं कसं? गेला असता तरी पुरायला कोण मिळणार होतं? हजारो प्रेतं ट्रकांत भरून शहराबाहेर तितान्येनच्या सामूहिक कबरींत गेली होती.

पुढच्या गोष्टीकडे अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावं. हैतीत परदेशी गेलेल्या माणसाला ‘दियास्पोरा’ म्हणूनच हाक मारतात, आणि त्या हाकेत अपेक्षा असते. परदेशातून येणारा पैसा हा देशाच्या वार्षिक उत्पन्नाचा मोठा हिस्सा आहे. ब्रुकलिनमध्ये टॅक्सी चालवणाऱ्याला भूकंपाच्या रात्री रडायची सवड नव्हती. कोण जिवंत आहे, कुणाला तंबू, कुणाला औषध, कुणाच्या पोराची व्यवस्था, हे त्यालाच पाहायचं होतं, कारण घरातला कर्ता तो. पुढेही त्याची सुटका झाली नाही. ७ जुलै २०२१ ला हैतीच्या राष्ट्राध्यक्षांची हत्या झाली, १४ ऑगस्टला दक्षिणेत ७.२ रिश्टरचा भूकंप झाला, नंतर राजधानीचा बहुतांश भाग सशस्त्र टोळ्यांच्या ताब्यात गेला. आघातोत्तर म्हणावं तर ते ‘उत्तर’ उगवतच नाही.

इथून मी सिल्वासाकडे परत येते, कारण याच कर्तेपणाबद्दल मला काही म्हणायचं आहे. परोक्ष आघात म्हटलं की आपण गृहीत धरतो, माणसाने दुरून काहीतरी पाहिलं आणि पाहिलेल्याने त्याला इजा झाली. माझं मत वेगळं आहे. दूर असलेल्याने काय पाहिलं हे त्याच्या बाबतीत दुय्यम असतं. त्याला दुरून काय काय करावं लागलं आणि त्यातलं काय लागू पडलं नाही, हे मुख्य असतं. तो प्रेक्षक नसतो.

मसाटच्या एका चाळीत शिरपूर तालुक्यातला एक कामगार भेटला. टेक्श्चरायझिंगच्या खात्यात रात्रपाळी, बारा तासांची. आत फोन न्यायची परवानगी नाही, तो लॉकरमध्ये ठेवावा लागतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये सकाळी लॉकर उघडला तर मिस्ड कॉलची रांग. आईला धुळ्याला हलवलं होतं आणि धाकटा भाऊ घाबरून गेला होता. पुढचे दोन दिवस हा फोनवर होता. बेड कुठे आहे, ऑक्सिजन कुठे आहे, ओळख कुणाची आहे हे विचारायचं, मुकादमाकडून ॲडव्हान्स घेऊन पैसे पाठवायचे, मामाला समजवायचं, भावाला दम द्यायचा. मग रिक्षाने वापी, वापीहून उधना, पुढे तापीच्या मार्गाने नरडाणा. पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. त्याच्या मोबाइलमध्ये ते नंबर अजून आहेत. ‘ऑक्सिजन धुळे’, ‘ऑक्सिजन धुळे २’, ‘ॲम्ब्युलन्स दादा’. रात्री झोप लागली नाही की तो ती यादी वरखाली करतो. ‘ॲम्ब्युलन्स दादा’ला आधी फोन केला असता तर, असा हिशेब चालू असतो. मला म्हणाला, “मॅडम, मी बघितलं काहीच नाही. मी नुसता फोनवर होतो. आणि मातीला पोचलो नाही.”

मघाची रेघ इथे लावून पाहा. आई आजाराने गेली, म्हणजे मृत्यू हिंसक नाही, अपघाती नाही. मुलगा घटनास्थळी नव्हता. सगळं काही फोनवर. चारही मार्ग बंद. निदानाच्या पुस्तकाप्रमाणे त्याच्यावर आघात झालेला नाही. शोकाची दुसरी निदानं आहेत, त्यांची चर्चा पुढे एका प्रकरणात येईलच, पण नंबरांची ती यादी त्यांतही नीट बसत नाही.

मातीला पोचणं हे आपल्याकडे केवळ कर्तव्य नव्हे. खांदा देणं, तिसऱ्या दिवशी सावडायला जाणं, दहाव्याला घाटावर कावळ्याची वाट पाहत बसणं, या सगळ्यांतून गेलेलं माणूस गेलं आहे हे शरीराला पटतं. जो यांतलं काहीच करत नाही, त्याला बातमी कळलेली असते, पण पटलेली नसते. अमेरिकी अभ्यासक पॉलीन बॉस यांनी अशा अर्धवट राहिलेल्या वियोगावर आयुष्यभर काम केलं. बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांपासून त्यांनी सुरुवात केली. महाराष्ट्रातलं अगदी अलीकडचं उदाहरण इर्शाळवाडीचं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या या वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडली नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवला गेला. वाडीतली काही मुलं त्या रात्री आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. वर्तमानपत्रांनी त्यांना नशीबवान म्हटलं. या क्षेत्रात काम करणाऱ्याने तो शब्द जपून वापरावा. दूर असल्यामुळे जगलेल्या मुलाला आपण तिथे का नव्हतो, हा प्रश्न कधी छळायला लागेल ते सांगता येत नाही. दहाव्या वर्षी नाही तर पंचविसाव्या वर्षी, पहिला पगार हातात आल्यावर, तो द्यायला कुणी नाही हे लक्षात आल्यावर.

परदेशातल्या मराठी कुटुंबांनीही हे भोगलं आहे. करोनाच्या काळात विमानं बंद असताना न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये बसून आईवडिलांचे अंत्यविधी मोबाइलवर पाहिलेल्यांची संख्या लहान नाही. त्यांच्याबद्दल लेख आले, दिवाळी अंकांतून कथा आल्या. चाळीतल्या कामगारावर तितकं लिहिलं गेलं नाही. त्याच्यापुढे विमानाचा प्रश्न नव्हता, प्रश्न हजेरीचा होता. दोघांचं दुःख तोलायला जाऊ नये, पण दोघांच्या अडचणी एक नाहीत, हे अभ्यासात स्पष्ट दिसलं पाहिजे.

लक्षणं ओळखायची कशी? माणूस दवाखान्यात येतो तो ‘मला आघात झाला’ असं म्हणत येत नाही. छातीत धडधडतं, डोकं जड राहतं, हातपाय गळाल्यासारखे होतात, कामात मन लागत नाही, अशी त्याची तक्रार असते. बीपी मोजलं जातं, गोळी दिली जाते. नातलग सोबत असले तर म्हणतात, त्याने धसका घेतला. हैतीतही अवचित वाईट वार्तेने जडणाऱ्या दुखण्याला स्वतंत्र नाव आहे, ‘सेझिस्मां’, आणि ते दुखणं अंगात, रक्तात होतं अशी तिथली समजूत आहे. तेव्हा पाहणीचे तक्ते तयार करताना आधी लोक काय बोलतात ते लिहून घ्या, इंग्रजी तक्त्याचं भाषांतर नंतर करा.

इथे आणखी एक गट येतो आणि तो माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. ओडिशाच्या माणसाचं बोलणं गुजरातीभाषक डॉक्टरला कळत नाही, म्हणून खोलीतला जो थोडा शिकलेला असेल तो दुभाष्या होतो. ज्याला वाचता येत नाही, त्याचे मेसेज हाच वाचून दाखवतो. वाईट बातमी आधी याच्याच डोळ्यांखालून जाते, आणि ती कशी सांगायची, आता सांगायची की जेवण झाल्यावर, हे यालाच ठरवावं लागतं. मॅकॅन आणि पर्लमन यांनी ज्याच्यासाठी ही कल्पना मांडली, तो समुपदेशक चाळीत असतो तो हाच. फक्त त्याला प्रशिक्षण नसतं, फी नसते आणि सकाळी सातला पाळी असते.

२०२० ने ही सगळी माणसं देशाला काही महिने दाखवली. २५ मार्चला टाळेबंदी सुरू झाली. ३१ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरितांच्या भीतीची दखल घेतली आणि निवारा केंद्रांत प्रशिक्षित समुपदेशक पाठवण्याविषयी सांगितलं. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या मदतीने मार्गदर्शक सूचनाही निघाल्या. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून भुसावळच्या दिशेने निघाले होते, घरी मध्य प्रदेशात जायला. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचा तो फोटो देशभरातल्या चाळींतल्या मोबाइलवर फिरला. ज्यांनी तो पाहिला, ते त्या सोळांपैकी कुणाचेच कुणी नव्हते, पण प्रत्येकाला तो फोटो आपला वाटला. ‘जवळचा’ कोण याची व्याख्या रक्तावरून करायची की परिस्थितीवरून, हा प्रश्न त्या फोटोने उभा केला आणि तो अजून कुणी नीट हातात घेतलेला नाही. तुमच्यापैकी कुणाला प्रबंधाला विषय हवा असेल तर हा घ्यावा.

कायद्याबद्दल थोडक्यात. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये जो कायदा झाला, त्यात कामगाराला गंभीर इजा झाली किंवा मृत्यू आला तर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि नातलगांना कळवायची जबाबदारी ठेकेदारावर टाकली होती. अपघात उलट दिशेला, म्हणजे गावाकडे, झाला तर कामगाराला कोण कळवणार, पाळीतून कोण सोडणार, याचा विचार त्यात नव्हता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराचा हक्क दिला. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांकही आहे, तिथे आपली भाषा निवडता येते. क्रमांक चांगलाच आहे. पण लॉकरमधला फोन मिळेपर्यंत तो लावायचा कसा, हे मात्र कंपनीच्या दारातच ठरतं.

एका आक्षेपाची दखल घेतली पाहिजे. डेरेक समरफील्ड या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने १९९९ मध्ये एक खरमरीत निबंध लिहिला. युद्धग्रस्त समाजांत पाश्चात्त्य समुपदेशकांचे तांडे पाठवणं म्हणजे लोकांच्या अन्याय्य परिस्थितीला आजाराचं लेबल लावणं, असा त्याचा रोख होता. निबंध नवोदितांनी आवर्जून वाचावा. सिल्वासातल्या कामगाराला रजा मिळत नाही, म्हणून तो मातीला पोचत नाही. त्यावर समुपदेशनाचं सत्र हा उपाय म्हणून पुढे केला तर ती लबाडी होईल. बहुतेक माणसं, खोलीतल्यांच्या आधाराने, कामाच्या रेट्यात, दोन-चार महिन्यांत सावरतात. त्यांना रुग्ण म्हणू नये. जे सावरत नाहीत, त्यांना मात्र ‘तू तर तिथे नव्हतास’ असं सांगून परत पाठवू नये. हा तोल सांभाळणं अवघड आहे आणि पुस्तक वाचून ते जमेल असा दावा मी करत नाही.

कामाला लागणाऱ्यांसाठी एक सूचना. प्रचलित प्रश्नावल्यांत प्रसंगांची यादी असते आणि प्रत्येकापुढे रकाने असतात : माझ्यावर आला, मी पाहिला, मला कळला. तिसऱ्या रकान्यात खूण झाली की बहुतेक मुलाखतकार पुढच्या प्रसंगाकडे वळतात. तिथे थांबा आणि एवढंच विचारा, कळल्यावर तुम्ही काय काय केलंत? उत्तर लांबतं. त्यात तारखा असतात, गाड्यांच्या वेळा असतात, कुणाकडून किती पैसे घेतले आणि त्यातले किती फेडायचे राहिलेत हे असतं, कुणी फोन उचलला नाही त्यांची नावं असतात. ते जसंच्या तसं उतरवून घ्या. प्रश्नावलीच्या मागे त्यासाठी दोन कोरी पानं जोडा, आणि मुलाखत पाळीच्या आधी ठेवू नका, नंतर ठेवा.